कानबाई थांबते ती जागा

रोटांचा गहू निवडायला बसलं की कोणी बोलायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. तो फुईने केला होता की तिच्याही आधीपासून चालत आला होता, हे मला आज सांगता येणार नाही. फुई म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. सासरी जमलं नाही म्हणून ती तरुणपणीच आमच्याकडे परत आली, आणि आली ती घराची मालकीण होऊनच. माझे वडील, आबा, शेतातून आले की आधी तिच्याशी चार शब्द बोलत, मगच हातपाय धुवायला जात. माझी आई, तिला आम्ही माय म्हणायचो, फुईच्या मागे मागे कामं उरकायची आणि तिच्या देखत आवाज खाली ठेवायची. फुई उंच होती. आवाज जाड आणि मध्येच फाटल्यासारखा. पण गाणं धरलं की त्याच फाटक्या जागेतून असं काही निघायचं की गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवून मान वळवायची, असं आबा म्हणत.

आमचं गाव एरंडोलच्या अलीकडे, अंजनी नदीच्या काठाला. वर्षभर पीठ गिरणीतून यायचं आणि गिरणीच्या इंजिनाची पुकपुक दुपारभर गावावरून जायची. श्रावणात रोटांचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, पीठ मात्र घरच्या जात्यावरच दळायचं. नागपंचमी झाली की जातं धुवायचं, त्याला हळदीकुंकू लावायचं आणि माय आणि फुई समोरासमोर बसायच्या. त्या दळणाचा आवाज मला अजून कधी कधी दुपारी पडल्या पडल्या ऐकू येतो. आता मी धुळ्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. वरच्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावलेला असतो, हे मला माहीत असतं. तरी उठून बसते.

त्यानंतरच्या रविवारी कानबाई, आमच्या खानदेशची देवी, बसायची. नारळाला चांदीचे डोळे, नाकात नथ, चौरंगावर नवं लुगडं नेसवलेलं आणि भोवती कण्हेरीची फुलं. चुलीवर पुरण शिजत असायचं, तांदळाची खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, आणि त्या जाड रोटांचा खरपूस वास सगळ्या घरात. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. जेवून उठल्यावर हातसुद्धा अंगणात खणलेल्या एकाच खड्ड्यावर धुवायचे, म्हणजे रोटाचा कण कोणाच्या पायाखाली यायला नको. एरवी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाणारी आम्ही पोरं त्या दिवशी पोट दुखेस्तोवर खायचो. सोमवारी सकाळी सगळ्या घरांच्या कानबाया बायकांच्या डोक्यावरून नदीला निघायच्या. तिथे न्हाऊ घालून नारळ परत घरी यायचा. पुढे फुई गाणं सांगायची, मागून बाकीच्या म्हणायच्या. आमची कानबाई मायच्या डोक्यावर, आणि मी फुईच्या पुढे, पाण्याचा तांब्या घेऊन. तांब्या मला का दिला होता ठाऊक नाही. घरात मुलगी मी एकटीच होते, म्हणून असेल.

नदीकडे जाणारी गल्ली एका जागी वळायची. त्या वळणावर एक बंद घर होतं. घरचा मुलगा आणि सून कामासाठी सुरतेला गेले होते, म्हातारी माणसं वारली होती, आणि दाराला कुलूप होतं. ओट्यावर दुपारी शेळ्या बसायच्या. त्या घराबद्दल कधी कोणी काही बोलत नसे, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. हे मी मुद्दाम सांगते आहे.

त्या सोमवारी फुई गात होती, "नदीनी वाट लांब वं माय, ऊन चढनं..." आणि तिथेच थांबली. पुढचा शब्द "माथाले" असा होता. ऊन माथ्यावर चढलं, इतकंच. तो तिच्या तोंडातून आला नाही. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, सगळं वजन टाकून, आणि एक पाय उचलला.

"थांब वं सुमे. पायमा काटा भरना."

हे ती हळू म्हणाली, माझ्यापुरतं. मी खाली बसले. बाभळीचा काटा होता, चांगला खोल गेलेला. माझ्या परकराला सेफ्टी पिन होती, ती काढून मी काटा काढला. मागे सगळ्या बायका उभ्या होत्या, डोक्यावर कानबाया. कोणी विचारलं नाही काय झालं म्हणून. देवीचं गाणं मध्येच तुटलं होतं आणि ते कोणी उचलत नव्हतं, कारण सांगणारी फुई होती. गल्लीत इतकी शांतता झाली की लुगड्याचे पदर वाऱ्याने हलत होते ते ऐकू येत होतं.

"निंघना का?"

"निंघना, फुई."

तिने पाय टेकवून पाहिला, एक पाऊल मागे घेतलं आणि पुढची ओळ धरली: "कानबाईना पाय पोळनात, सावली करा वाटले." बायकांनी ती उचलली आणि आम्ही नदीला गेलो. परत येताना मला त्यातलं काही आठवतही नव्हतं. काटा मी गल्लीच्या कडेला टाकून दिला होता.

पुढच्या श्रावणात आम्ही त्या वळणावर आलो तेव्हा फुईने चाल हळू केली. मागच्या वर्षीचं तिला आठवलं असणार. ती खाली बघत, जपून पाय टाकत होती. चाल हळू झाली तसं गाणंही हळू झालं, आणि "ऊन चढनं" पाशी मागच्या बायका आपोआप थांबल्या. त्या थांबल्या म्हणून फुईही थांबली. क्षणभर सगळ्या तशाच उभ्या. मग फुईने पुढची ओळ घेतली. मला हसू आलं होतं, इतकं आठवतं. घरी येऊन मी मायला म्हटलंही, "काटा नसतानाबी थांबन्यात वं." ती उरलेले रोट वाळत घालत होती. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

त्याच्या पुढच्या वर्षी फुईला हिवताप आला आणि ती गोधडीत पडून राहिली. गाणं सांगायला शेजारच्या अक्का पुढे आल्या. तांब्या घेऊन मीच पुढे. मला वाटलं, आज सरळ नदीला जाऊ. वळण आलं. अक्का म्हणाल्या, "ऊन चढनं," आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. तोच खांदा. तेवढंच वजन. मी मान वळवून पाहिलं तर अक्कांनी एक पाय उचललेला होता. त्यांच्या मागे मायने, डोक्यावर कानबाई सांभाळत, अक्कांच्या खांद्याला हात लावून टाच उचलली होती. आणि तिच्या मागे, गल्ली संपेपर्यंत, डोक्यावर देवी घेतलेल्या सगळ्या बायका एकेका पायावर उभ्या होत्या. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी खाली वाकून बघितलं. अक्कांच्या तळव्याला काही नव्हतं.

माणसं गप्प उभी राहिली की नजर कुठेतरी ठेवावी लागते. वळणावर उभं राहिलं की समोर ते बंद दार होतं. त्या वर्षी सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. असं ते दार त्यात आलं. मी नंतर आयुष्यभर यावर विचार केला आहे. शाळा-कॉलेजात असा विषय शिकवतात म्हणे, रूढी कशा जन्मतात याचा. मी काही तेवढी शिकले नाही. पण मी एक जन्मताना पाहिली आहे, अगदी जवळून, तांब्यातलं पाणी हिंदकळू नये म्हणून धडपडत. आणि मला एवढंच कळलं की नवी गोष्ट नवी म्हणून येतच नाही. ती येते तेव्हाच म्हातारी असते.

मग गोष्टी निघायला लागल्या. कोणी म्हणे, थांबलं की आतून बांगड्यांचा आवाज येतो. कोणी म्हणे, कुलूप गार लागतं, ऐन उन्हात. एका बाईने कुलपाला हळदीकुंकू वाहिलं, मग सगळ्याच वाहायला लागल्या. शेळ्या ओट्यावर बसेनाशा झाल्या. खरं तर पोरं त्यांना हाकलायची. शाळेतून येताना मीही त्या गल्लीने यायचं टाळू लागले. मला माहीत होतं तिथे काही नाही. सगळ्या गावात मलाच माहीत होतं, आणि तरी भीती मलाच जास्त वाटायची. बाकीच्यांना दारामागच्या कोणाची तरी भीती वाटत होती. मला त्या बायकांची वाटायला लागली होती. माझ्या मायची.

एकदा रोटांच्या आदल्या दिवशी, गहू निवडून झाल्यावर, म्हणजे बोलायची मुभा मिळाल्यावर, मी फुईसमोर बसले. माय चुलीशी होती. मी म्हटलं, "फुई, तठे तर तुना पायमा काटा भरना व्हता. म्हनीसन आपन थांबनूत."

फुईने सुपातून डोकं वर केलं. "कोना पायमा?"

"तुना. मीच काढा ना, पिननी. तू माले विचारं, निंघना का."

फुई माझ्याकडे पाहत राहिली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तिला राग आला असता तर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला असता आणि मी सुटले असते. पण तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. ती मायकडे वळून म्हणाली, "पोरनी तब्येत बरी शे ना?"

माय हात पुसत आली. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "काहीबी बोलू नको, बाई. तठे कानबाई पहिलेपाईन थांबस. मी नवरी व्हयीसन उनी ना, तव्हय बी थांबे." ती नवरी होऊन आली तेव्हा तिची सासू, म्हणजे माझी आजी, तिला म्हणाली होती की इथे पाय उचल, असंही तिने सांगितलं. आजीचा आवाज कसा होता, ती कोणत्या रंगाचं लुगडं नेसली होती, सगळं सांगितलं. मी त्या गल्लीतून मायबरोबर लहानपणापासून नदीला जात होते. तिथे कोणी कधी थांबलेलं नव्हतं. पण माय सांगत होती आणि मला ती आजी दिसत होती, हिरव्या लुगड्यातली, पाय उचललेली.

"तुना पायले खूण व्हई," मी फुईला म्हटलं. मी रडकुंडीला आले होते.

फुईने पाय पुढे केला. मी तो मांडीवर घेतला. तळव्याला जन्मभराच्या भेगा होत्या, काट्या-कुसळांच्या कितीतरी जुन्या खुणा. त्यातली माझ्या काट्याची कोणती, हे मला ओळखता येईना. फुईने बराच वेळ पाय तसाच राहू दिला. मग हळूच ओढून घेतला आणि परत सूप हातात घेतलं. त्या दिवसापासून माय मला एकटीला नदीवर पाठवेना.

त्याच वर्षी जे झालं ते दोघी-तिघींना विचारलं तर वेगवेगळं सांगतील. मी पुढे होते, म्हणून मी पाहिलं ते लिहिते. रविवारी संध्याकाळी सुरतेच्या गाडीने त्या बंद घराचा मुलगा आणि सून धरणगावला उतरले आणि बैलगाडीने गावात आले. नवऱ्याचं काम सुटलं होतं. गावभर रोटांची गडबड, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही. कुलूप गंजलेलं होतं, ते त्याने दगडाने तोडलं. बायकोचं नाव विमल. सोमवारी सकाळी ती आत झाडत होती. तिला लांबून गाणं ऐकू आलं, मग एकदम बंद झालं. दाराबाहेर माणसांचा श्वास ऐकू येतोय असं तिला वाटलं, हे तिनेच नंतर सांगितलं. तिने शिंपडायला भरलेला पाण्याचा तांब्या तसाच हातात घेऊन दार उघडलं.

आम्ही उभ्या होतो. "ऊन चढनं" म्हणून झालं होतं. फुई एका पायावर, तिचा हात माझ्या खांद्यावर, मागे सगळ्या तशाच, आणि सगळ्यांची नजर दाराला लागलेली. ते दार आतून उघडलं.

कोणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एक रोड बाई उंबऱ्यात उभी होती, सुरती छापाची फिकट साडी, डोळे खोल गेलेले. तिने आमच्याकडे पाहिलं. तिच्या जागी मी असते तर दार लावून घेतलं असतं. सगळ्या गावच्या बायका डोक्यावर चांदीचे डोळे घेऊन, एका पायावर, तिच्याकडे बघत उभ्या होत्या. ती ओटा उतरून खाली आली. फुईच्या समोर वाकली आणि तांब्यातलं पाणी फुईच्या उचललेल्या पायावर ओतलं. दारात देवी आली तर पायावर पाणी घालायचं असतं, एवढं तिच्या हाताला माहीत होतं. डोकं त्यात नव्हतंच.

पाणी खाली पडलं ते लाल होतं. गल्लीत कुंकू सांडलेलं होतं, बायकांच्या पायांना ते लागलेलं होतं, त्यामुळे असेल. माझ्या मागून कोणीतरी "रगत" म्हणालं. फुईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तोवर फुईला रडताना पाहिलं नव्हतं.

"उनी वं माय," फुई म्हणाली. "उनी."

आली. सगळ्यांनी ते उचललं. गाण्याची पुढची ओळ मागे राहिली आणि गल्लीभर तेवढाच शब्द फिरायला लागला. मायने डोक्यावरची कानबाई उतरवून विमलच्या डोक्यावर ठेवली. विमलने नको म्हटलं नाही. दोन्ही हातांनी चौरंग धरून ती चालायला लागली आणि नदीपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. तिचा नवरा दातवण तोंडात धरून दारात उभा होता. त्याला आमच्यापैकी कोणीच काही सांगितलं नाही.

त्यानंतर विमलवहिनीच्या घरी बायका येऊ-जाऊ लागल्या. कोणाचं पोर आजारी पडलं की तिच्या हातचं पाणी न्यायचे. ती फार बोलायची नाही. एकदा दुपारी मी तिच्याकडे ताक द्यायला गेले तर ती ओट्यावर कापसाची बोंडं फोडत बसली होती. मला बस म्हणाली. बोलणं अर्धं अहिराणी, अर्धं गुजराती. मला ते आता जसंच्या तसं उतरवता येणार नाही, आपल्या साध्या भाषेत लिहिते.

"त्या दिवशी सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या," ती म्हणाली, "आणि तू फुईंच्या पायाकडे. का गं?"

मी खाली पडलेलं एक बोंड उचललं.

"खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही. त्या का थांबतात इथे?"

पहिल्यांदाच मला कोणीतरी ते विचारत होतं. मी सगळं सांगितलं. बाभळीचा काटा, सेफ्टी पिन, अक्कांचा हात, हिरव्या लुगड्यातली आजी. सांगताना मी इतकी भरभर बोलत होते की मध्ये मला धाप लागली. विमलवहिनीचे हात बोंडं फोडायचे थांबले नाहीत. माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, "वाटलंच होतं काहीतरी असं."

मला वाटलं, आता मी एकटी नाही.

"माझी पोरगी गेली सुरतेला," ती म्हणाली. "तापाने. चालायला लागली होती नुकती. त्यानंतर मी खोलीत नुसती दाराकडे बघत बसायचे. कोणी येणार म्हणून नाही. समोर दार होतं म्हणून. हे म्हणाले, चल गावाला, तिथे तरी कोणी असेल. मी मनात म्हटलं, तिथे कोण बसलंय आपल्यासाठी. आणि सकाळी दार उघडलं तर..." तिने हातातलं बोंड खाली ठेवलं. "काटा होता तर असू दे, सुमन. पण त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. तू परत कोणाला काही सांगू नको."

"पण वहिनी, तुम्ही सुरतेला होतात तेव्हापासून त्या थांबतात. तुमच्यासाठी कशा थांबतील?"

"तेच तर," विमलवहिनी म्हणाली, आणि हसली. तिचं ते पहिलंच हसू मी पाहिलं. "मी यायच्या आधीपासून."

मी ताकाचं रिकामं भांडं घेऊन घरी आले. मी परत कोणाला सांगितलं नाही. भीतीने नाही. त्या बाईच्या हातात दुसरं काही नव्हतं, आणि जे होतं ते मी कशाला काढून घेऊ? पण त्या गल्लीने मात्र मी दिवसाही गेले नाही. माझं लग्न होऊन धुळ्याला जाईपर्यंत मी नदीला शेतातून वळसा घालून जायचे.

सासरी कानबाई होती, पण थांबणं नव्हतं, आणि मी तो विषय कधी काढलाही नाही. माहेरी श्रावणात गेले तर विमलवहिनी पुढे असायची. फुईचा आवाज बसला तेव्हा गाणं तिच्याकडे गेलं. तिला पुढे दोन मुलं झाली. ओट्यावर पोरी जमवून ती सांगायची की सुरतेला खोलीत असताना दर श्रावणात तिला हे गाणं ऐकू यायचं, अर्धीच ओळ, आणि कोणीतरी दाराबाहेर थांबलेलं असायचं. एकदा हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, डोळ्यांत काहीतरी दिसेल, आपल्या दोघींमधलं. काही नव्हतं. तिला ते खरंच ऐकू आलेलं होतं.

फुई गेली, माय गेली, विमलवहिनीही गेली. गावातली ती गल्ली रुंद केली तेव्हा वळण निघालं आणि ओटा पाडला. आता तिथे कानबाया ट्रॅक्टरमधून नदीला जातात, पुढे मोठे स्पीकर. भाचा व्हिडिओ पाठवतो, त्यात मी बघितलं. ट्रॅक्टर त्या जागेवरून सरळ निघून गेला. मला हायसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. म्हटलं, संपलं एकदाचं. मी मोबाईल उशीखाली ठेवला आणि त्या दुपारी मला जात्याचा आवाज न येता झोप लागली.

आमच्या इथे, धुळ्याच्या देवपुरात, कॉलनीतल्या बायका काही वर्षांपासून मिळून कानबाई बसवतात. गुडघ्यांमुळे मी खाली जात नव्हते. यंदा समोरच्या फ्लॅटमधली भारती न्यायला आली. बँकेत नोकरी करते, गोड मुलगी आहे, माहेर नरडाण्याकडचं. म्हणाली, "चला ना आजी, पांझरा नदीपर्यंत नाही, कोपऱ्यावरच्या हौदापर्यंतच जायचंय." कॉलनीने विसर्जनासाठी हौद केला आहे. मी चप्पल घालून तिचा हात धरून निघाले. ऊन होतं. स्पीकर बंद करून बायका तोंडानेच गाणं म्हणत होत्या, ते मला बरं वाटलं. कोपरा आला, जिथे दुधाचं बूथ आहे.

"नदीनी वाट लांब वं माय, ऊन चढनं..." आणि सगळ्या थांबल्या.

भारतीचा हात माझ्या खांद्यावर आला.

समोर बूथचं शटर खाली ओढलेलं होतं. बायका, कुडत्यातल्या मुली, एकीच्या कानात अजून इअरफोन, सगळ्या एका पायावर उभ्या राहून त्या शटरकडे बघत होत्या. मी हळूच विचारलं, "हे कुठून आणलंत गं तुम्ही? कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात," भारती कुजबुजली. "माझ्या आजीच्या माहेरापासूनचं आहे. पुढच्या ओळीत आहे ना, देवीचे पाय पोळतात म्हणून. ऊन फार असतं, मग आपण एकेक पाय उचलून धरायचा."

"तुमच्या आजीचं माहेर एरंडोलकडचं का?"

"नाही हो, दोंडाईचाच्या पुढचं. तिकडे तर फार जुनं आहे म्हणतात हे."

मी म्हणाले, "ओळीत आणखी एक शब्द आहे. ऊन चढनं माथाले."

तिने मानेनेच नाही म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं, प्रेमाने. पुढच्या एकीने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. थांबलेलं असताना बोलायचं नसतं, हे मला नवीनच होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या माझी वाट बघत आहेत. मी एकटीच दोन्ही पायांवर उभी होते.

मी भारतीच्या दंडाला धरलं आणि पाय उचलला.

"तो नाही, आजी," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "उजवा."

मी डावा पाय खाली ठेवला आणि उजवा उचलला. गाणं पुढे सुरू व्हायला अजून वेळ होता.